भागीदार मंडळीची भेट: पाकिटे नकोत, तयारी हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चच्या परदेशी संबंधांविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुधा पैशाविषयी असते. आमच्या पत्राचा विषय वेगळा आहे. एखाद्या मंडळीतली, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक समुदायातली, सहा-आठ माणसे दुसऱ्या देशातल्या भागीदार मंडळीच्या घरी दोन आठवडे राहायला जातात, त्यांच्याबरोबर उपासनेला बसतात, त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी विसळतात आणि परत येतात. पुढे कधीतरी तिकडची माणसे इकडे येतात. नागपूर आणि विदर्भातल्या मंडळ्या आणि स्कॉटलंड यांच्यात अशा भेटीला इतिहासाचा आधार आहे, आणि तो जपण्यासारखा आहे. पण बहुतेक भेटी जिथे फसतात त्या जागा ठरलेल्या आहेत. अर्ज चुकतात, पैशांचा घोळ होतो, किंवा कोण जाणार हे चार माणसे बंद खोलीत ठरवतात. म्हणून हे लिहीत आहोत. जे काही करायचे ते सगळ्या मंडळीसमोर करा आणि भेटीच्या निमित्ताने एक पौंडही कोणाच्या खिशातून इकडे आणू नका, हे आमचे मुख्य म्हणणे आहे. बाकी सारे त्याभोवतीचे तपशील आहेत.

आधी नाते नेमके काय आहे ते पाहू. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांच्या आधी, १८२९ मध्ये, जॉन विल्सन मुंबईत उतरले होते. विल्सन लॉडरचे, हिस्लॉप डन्सचे. दोन्ही गावे स्कॉटलंडच्या दक्षिणेला, एकाच बेरिकशायर परगण्यात. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले, तेव्हा भारतातले सगळे स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चकडे गेले. हे दोन प्रवाह बऱ्याच अंशी १९२९ मध्ये पुन्हा एकत्र आले. इकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चगटांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेही आपल्या नागपुरातच. आज हे चर्च आणि चर्च ऑफ स्कॉटलंड एकमेकांचे भागीदार आहेत. या तारखा पाहुण्यांनी पाठ कराव्यात असे नाही, पण त्यांचा उपयोग आहे. एडिनबऱ्याच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये मिशनचे जुने कागद आहेत. आपल्या मंडळीचा उल्लेख शोधायचा असेल तर १८४३ नंतरचा पत्रव्यवहार फ्री चर्चच्या कागदांत पाहावा लागतो. नुसते ‘चर्च ऑफ स्कॉटलंड’ म्हणून मागणी केली तर हाती काही लागत नाही, आणि दोन आठवड्यांतला एक अख्खा दिवस वाया जातो. मागणी आधी ईमेलने कळवावी. ग्रंथालयाच्या वाचक-ओळखपत्रासाठी ओळख आणि पत्ता दाखवणारी कागदपत्रे जवळ ठेवावीत आणि हस्तलिखितांसाठी पेन्सिल न्यावी.

आता कोणी जायचे. सहा ते आठ माणसे पुरेत. याहून मोठा गट झाला की तो यजमानांच्या मोटारींत मावत नाही, बस भाड्याने घ्यावी लागते, आणि बस आली की भेटीची सहल होते. निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. तिशीच्या आतले दोघे असावेत. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) गेले तर उत्तमच, पण दुभाष्या म्हणून पाळकांना वापरू नये. ते दिवसभर बोलतात, रात्री थकतात, आणि बाकीच्यांना काय विचारायचे होते ते राहून जाते. दुभाष्या वेगळा असावा आणि जाण्यापूर्वी तीन-चार रविवार त्याने आपल्याच मंडळीत भाषांतराचा सराव करावा. नावे निवडताना उपासनेनंतर मंडळीसमोर वाचून दाखवावीत, हरकतीसाठी दोन आठवडे द्यावेत आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या इतिवृत्तात नोंद करावी. हे इतिवृत्त पुढे व्हिसाच्या अर्जालाही जोडता येते. ज्यांना घरी मुले-नातवंडे, नोकरी, शेती किंवा पेन्शन आहे त्यांचे अर्ज भक्कम ठरतात. नुकतीच पदवी घेतलेला, नोकरी नसलेला तरुण गटात हवा असेल तर त्याच्या कागदांवर जास्त कष्ट घ्यावे लागतील, हे धरून चालावे.

पासपोर्टाविषयी एकच गोष्ट, पण ती सगळ्यांत जास्त नडते: नाव. आपल्याकडे बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर स्पेलिंग तिसरेच, असे वडीलधाऱ्यांच्या बाबतीत सर्रास असते. आडनावाची चौकट रिकामी सोडून सगळे नाव एकाच ओळीत छापलेले पासपोर्टही पाहायला मिळतात. विमानाचे तिकीट, व्हिसाचा अर्ज आणि यजमानांचे निमंत्रण या तिन्हींवर नाव पासपोर्टावरचेच हवे, अक्षर न् अक्षर. दहावी न झालेल्या, पन्नाशीच्या आतल्या माणसांच्या पासपोर्टावर बहुधा ‘ईसीआर’ असा शिक्का असतो आणि तो पाहून लोक घाबरतात. हा शिक्का ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता आहे. ब्रिटनच्या भेटीला त्याने अडत नाही.

ब्रिटनचा व्हिसा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ या प्रकारचा, सहा महिन्यांपर्यंतचा घ्यायचा. एप्रिल २०२५ पासून त्याचे शुल्क १२७ पौंड झाले. ते वरचेवर वाढते, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. ठसे द्यायला मुंबई-पुण्याला जावे लागले तर तो खर्च आणि दोन दिवसांची रजा आधीच धरावी. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही आणि या व्हिसाला सहसा अपीलही नसते. नवा अर्ज, नवे शुल्क. शिवाय पुढे कुठल्याही देशाच्या अर्जात ‘पूर्वी नकार मिळाला आहे का’ या प्रश्नाला ‘होय’ लिहावे लागते. म्हणून विमानाचे पक्के तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढावे.

नकार का येतात? पहिले कारण बँकेचे खाते. सहा महिने खात्यात आठ-दहा हजार फिरत असतात आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम दोन लाख जमा होतात. कोणीतरी ‘खाते भरलेले दिसू दे’ म्हणून मदत केलेली असते. तपासणाऱ्याला हे पहिल्या नजरेत दिसते आणि तो विचारतो, हे पैसे कोणाचे? त्याचे उत्तर अर्जात नसते. त्यापेक्षा खाते आहे तसे दाखवावे आणि खर्च कोण करणार ते स्पष्ट लिहावे. तिकडच्या मंडळीने राहण्या-जेवणाचा खर्च उचलायला नियमाची हरकत नाही. मात्र दोन्ही मंडळ्यांचे नाते खरे आहे हे दाखवावे लागते आणि यजमानांकडे तेवढे पैसे आहेत याचा पुरावा जोडावा लागतो.

दुसरे कारण निमंत्रणपत्र. ‘आमच्या प्रिय बंधुभगिनींना सहर्ष बोलावत आहोत’ एवढ्याने भागत नाही. पत्रात प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, कोणत्या घरी राहणार त्याचा पत्ता, कोणता खर्च कोण करणार, भागीदारी कधीपासून आहे आणि भेटीत काय करणार, एवढे हवे. तिकडच्या मंडळीचा कारभार ‘कर्क सेशन’ पाहते, म्हणजे पाळक आणि ‘वडील’ (मंडळीचे निवडलेले ज्येष्ठ) यांची सभा. निमंत्रणाचा ठराव तिने केलेला असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. आठही जणांनी एकाच मजकुराची पत्रे नाव बदलून जोडली तर तेही अंगाशी येते. प्रत्येकाने आपण का जात आहोत आणि परत का येणार आहोत हे आपल्या शब्दांत लिहावे, मग इंग्रजी मोडके असले तरी चालेल.

तिसरे कारण भाषांतर. सातबारा, पाळकांचा दाखला, इतिवृत्त, शाळेचे रजापत्र हे सगळे मराठीत असते. प्रत्येक मराठी कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर मूळाबरहुकूम असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क त्यावर असावा लागतो. सातबाऱ्यातले ‘पोटखराबा’सारखे शब्द गाळून टाकू नयेत, त्यांचा अर्थ द्यावा.

संदेश, म्हणजे प्रवचन, देण्याविषयी गैरसमज फार आहेत. परदेशातल्या धर्मसेवकाला ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून उपासनेत संदेश देता येतो, पाळकीय कामही करता येते. अट एवढीच की त्याचे मूळ काम आपल्या देशात असावे आणि तिथे त्याने कुठलेही पद घेऊ नये. मानधन घेता येत नाही, प्रवास आणि जेवणखाणाचा वाजवी खर्च मात्र चालतो. म्हणून अर्जात ‘दोन रविवारी संदेश देणार’ हे खरे तेच लिहावे. ‘पर्यटन’ लिहायचे आणि सामानात प्रवचनाची टिपणे सापडायची, असे होऊ देऊ नये.

याच्या उलट दिशेला नियम कडक आहे आणि तो आपल्या मंडळ्यांनी नीट समजून घ्यावा. स्कॉटलंडचे पाहुणे भारतात पर्यटक व्हिसावर आले तर ते उपासनेला बसू शकतात, मंडळीला भेटू शकतात. धर्मोपदेश करणे, धार्मिक पत्रके वाटणे, प्रार्थनास्थळी प्रवचन देणे त्यांना चालत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा आहे. पाहुण्यांना वेदीपाशी उभे करून ‘दोन शब्द बोला’ म्हणणे ही आपल्याकडची सवय आहे. तिचा भुर्दंड पाहुण्यांना पडू शकतो. शिवाय परदेशी माणूस आपल्या घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणे यजमानावर बंधनकारक आहे. ही नोंद हॉटेलांना माहीत असते, घरवाल्यांना नसते. चर्चच्या गेस्ट हाउसलाही ती लागू आहे. पाहुणे येण्याच्या आठवडाभर आधी लॉगिन तयार ठेवावे.

आता पैसा. येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगल्या मनाने केलेली चूकच येथे गुन्हा ठरते.

परकीय अंशदान विनियमन अधिनियम, २०१० म्हणजे आपण ज्याला एफसीआरए म्हणतो तो. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परकीय देणगी घेता येत नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांनाही ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आधी घ्यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. बहुतेक गावमंडळ्यांची स्वतःची नोंदणी नसते. तेव्हा स्कॉटलंडमधल्या एखाद्या प्रेमळ आजीने शेवटच्या दिवशी ‘तुमच्या छपरासाठी’ म्हणून दोनशे पौंडांचे पाकीट हातात ठेवले, तर ते घेणे म्हणजे मंडळीला अडचणीत टाकणे. ‘मी माझ्या नावावर घेतो, मग मंडळीला देतो’ ही पळवाट नाही. पाहुणे नागपुरात आले आणि अर्पणाच्या ताटात रुपयांच्याच नोटा टाकल्या, तरी देणारा परदेशी नागरिक असल्याने ते परकीय अंशदानच ठरते. चलन कुठले आहे याने फरक पडत नाही, देणारा कोण आहे याने पडतो. म्हणूनच लंडनला स्थायिक झालेल्या आपल्या मराठी बांधवाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी दिली, तर ती यात येत नाही. तोच बांधव ब्रिटिश नागरिक झाला असेल तर येते.

वैयक्तिक वापरासाठी मिळालेली एक लाख रुपयांपर्यंतच्या किमतीची भेटवस्तू या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. स्वेटर, पुस्तक, चहाची किटली खुशाल आणावी. चर्चसाठी प्रोजेक्टर मात्र ‘वैयक्तिक’ होत नाही.

पाकीट नाकारायचे तर ऐनवेळी तोंडातून शब्द फुटत नाहीत. समोरची व्यक्ती दुखावते आणि आपणही ओशाळतो. यावर उपाय एकच: पहिल्याच ईमेलमध्ये तिकडच्या सेशनला हे कळवावे आणि त्यांच्या रविवारच्या सूचनांत ते वाचून दाखवायची विनंती करावी. ‘आमचे पाहुणे कायद्याने कुणाकडूनही रोख रक्कम घेऊ शकत नाहीत, त्यांना आग्रह करू नये.’ एवढे एक वाक्य सगळ्यांची लाज राखते.

याच कायद्याचे कलम ६ आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. सरकारी नोकर, न्यायाधीश, लोकप्रतिनिधी, राजकीय पक्षांचे पदाधिकारी आणि सरकारी मालकीच्या महामंडळांचे कर्मचारी यांना परकीय आतिथ्य घेण्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागते. नागपूरच्या मंडळ्यांत रेल्वेत, वेकोलित (सरकारी कोळसा कंपनीत), राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा सरकारी रुग्णालयात नोकरीला असलेली किती माणसे आहेत ते आठवून पाहा. तिकीट स्वतःच्या पैशाने काढले तरी यजमान मंडळीने ठरवून दिलेले मोफत राहणे-जेवणे आतिथ्यातच धरले जाते. परवानगीसाठी एफसी-२ हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. सोबत निमंत्रणपत्र आणि आपल्या खात्याची मंजुरी जोडावी लागते, आणि प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी अर्ज पोचावा लागतो. वेळ खातो तो खात्याच्या मंजुरीचा कागद. त्यासाठी दोन महिने धरावेत. निवृत्त माणसांना हे लागू नाही.

मंडळीने प्रवासखर्चासाठी स्थानिक वर्गणी काढली तर तिचे वेगळे पावतीपुस्तक ठेवावे. परत आल्यावर दुसऱ्या रविवारच्या आत जमाखर्च सूचनाफलकावर लावावा, तिकीट-व्हिसाच्या पावत्यांसह. नावे निवडताना जेवढी कुजबुज होते त्याच्या दुप्पट हिशेब न लावल्यामुळे होते.

केव्हा जावे? मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथल्या शाळांना सुट्ट्या असतात. अर्धी मंडळी गावाला गेलेली असते आणि संडे स्कूल बंद असते. मेमध्ये एडिनबऱ्याला चर्च ऑफ स्कॉटलंडची जनरल असेंब्ली, म्हणजे वार्षिक महासभा, भरते. त्या आठवड्यात तिकडचे पाळक गुंतलेले असू शकतात, पण असेंब्ली प्रेक्षक-सज्जातून पाहता येते, तेव्हा एक दिवस तिकडे काढावा. सप्टेंबरच्या शेवटी हंगामाच्या उपकारस्तुतीची उपासना बहुतेक मंडळ्यांत असते. आपल्याकडच्या हंगामाच्या सणाशी तिचे नाते इतके जवळचे आहे की शेतकरी मंडळ्यांनी तोच मुहूर्त धरावा असे आम्ही सुचवू.

मेमध्ये नागपूर ४३ अंशांवर असते, तिकडे दिवसा १५ आणि रात्री ७. एका जाड कोटापेक्षा पातळ स्वेटरांचे दोन थर आणि पावसाचे जाकीट बरे. पायात बंद बूट हवेत, साडीवरही. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. ज्येष्ठांना झोप येत नाही, म्हणून डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी न्यावी.

सामानात खाण्याच्या वस्तूंवरून विमानतळावर अडकणारे खूप. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, खव्याची संत्रा बर्फी, सगळे घरी ठेवावे. ताज्या फळांना आणि पालेभाज्यांना बहुधा वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा तो मोहही नको. कोरडा मसाला, चिवडा, शेंगदाण्याची चटणी यांचे काही अडत नाही. मंडळीच्या वतीने भेट द्यायची तर भंडाऱ्याच्या कोसा रेशमाचा, प्रभुभोजनाच्या मेजावर पसरता येईल असा लांब पट्टा न्यावा. तो हलका असतो, फुटत नाही आणि दर प्रभुभोजनाला डोळ्यांसमोर राहतो. मेजाचे माप आधी मागवावे.

औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मुक्कामापेक्षा पाच दिवसांची जास्त घ्यावीत. इन्सुलिन हातातल्या पिशवीत असावे, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकते. प्रवासविमा व्हिसासाठी सक्तीचा नसला तरी घ्यावाच, कारण रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर पाहुण्याला बिल येते. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये, दावा तेथेच फेटाळला जातो. तिकडे रात्रीचे जेवण सहाच्या सुमारास होते आणि पुढे सकाळपर्यंत काही नसते. इन्सुलिन घेणाऱ्याने यजमानांना पहिल्याच संध्याकाळी हे सांगावे.

यजमानांच्या घरातल्या दोन गोष्टी. न्हाणीघराची जमीन कोरडी ठेवायची असते. पाणी बाहेर सांडले तर जमिनीत मुरते आणि खालच्या खोलीचे छत ओले होते. बादली-मग नसतो, तेव्हा ज्यांना लागतो त्यांनी प्लास्टिकचा मग नेलेला बरा. दुसरी गोष्ट फोडणीची. पाहुण्यांनी एकदा तरी स्वयंपाक करावा, त्याने जेवढी जवळीक होते तेवढी चार सभांनी होत नाही. पण २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये घराघरांत धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले असणे कायद्याने आवश्यक आहे. लाल मिरचीची फोडणी कडक झाली की एक वाजतो आणि त्याबरोबर घरभरचे सगळे वाजतात. खिडकी उघडी, पंखा चालू, स्वयंपाकघराचे दार बंद आणि तेल मध्यम आचेवर, एवढे पाळावे.

उपासना साधारण तासाभराची असते आणि वेळेवर संपते. सुरुवातीला चर्चचा सेवक पवित्र शास्त्र आत आणतो, तेव्हा अनेक ठिकाणी सगळे उभे राहतात. पादत्राणे बाहेर काढायची पद्धत नाही. शुभेच्छांना पाच मिनिटे दिली असतील तर भाषांतर धरून तुमच्या वाट्याला अडीच येतात. हे न समजल्यामुळे आपले वक्ते पंधरा मिनिटे बोलतात, मग तिकडच्या पाळकांना शेवटचे गीत गाळावे लागते, आणि कोणी बोलून दाखवत नाही. मजकूर लिहून काढावा, मोठ्याने वाचून घड्याळ लावावे, दुभाष्याला आदल्या रात्री द्यावा. भजनासाठी पेटी नेऊ नये. तिचे वजन दहा-बारा किलो होते आणि सुरांच्या पट्ट्या प्रवासात बिघडतात. टाळ आणि खंजिरी पुरे. ना. वा. टिळकांचे एखादे पद निवडावे, ध्रुवपद रोमन लिपीत छापून वाटावे आणि तेवढेच मंडळीला शिकवावे. अख्खे पद शिकवायला गेले की सगळे गप्प होतात.

लहान मुलांच्या बाबतीत तिकडचे नियम फार काटेकोर आहेत आणि ते योग्यच आहेत. मुलांमध्ये काम करणाऱ्यांची सरकारी तपासणी झालेली असते. पाहुण्याने कुठल्याही मुलाबरोबर एकटे थांबू नये. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो काढू नये आणि काढला तरी व्हॉट्सॲपवर टाकू नये. आपल्याकडे गालगुच्चा घेणे ही माया असते. तिकडे आधी आईकडे पाहून विचारावे.

कार्यक्रम आखताना रोज नवे घर, रोज नवी सभा असे वेळापत्रक नाकारावे. दोन आठवड्यांत जास्तीत जास्त दोन घरे, पहिला दिवस विश्रांतीचा आणि दर चौथा दिवस मोकळा असावा. किल्ले आणि सरोवरे पाहावीत, पण सेशनच्या एका नेहमीच्या बैठकीला बसू देण्याची विनंती जरूर करावी. तिकडे मंडळ्या एकत्र केल्या जात आहेत, इमारती विकल्या जात आहेत. दीडशे वर्षांच्या चर्चमध्ये तीस-चाळीस पांढऱ्या केसांची माणसे बसलेली दिसतात. हे पाहून आपली माणसे ‘आमच्याकडे बघा, चर्च भरलेले असते’ असे बोलून जातात. असे बोलू नये. ज्या मंडळीने आपले दवाखाने आणि शाळा उभ्या करायला माणसे पाठवली, ती आज स्वतःचे छप्पर ठेवायचे की विकायचे यावर मतदान करत आहे. त्या बैठकीत शांत बसून ऐकावे, आणि विचारले तर आपल्या गावातल्या पाळक नसलेल्या मंडळ्या वडिलांच्या भरवशावर कशा चालतात ते सांगावे. ही माहिती त्यांच्या खरोखर कामाची आहे, आणि ती विकत मिळत नाही.

प्रभूची प्रार्थना एकाच वेळी दोन्ही भाषांत म्हणावी, तिला दुभाष्या लागत नाही. इंग्लंडमधल्या अनेक चर्चमध्ये त्या प्रार्थनेत ‘अपराध’ या अर्थाचा शब्द येतो. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मात्र रूढ शब्द ‘ऋण’ हाच आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रातही ‘ऋणे’च आहेत. दोन्ही मंडळ्या त्या ओळीवर एकाच शब्दाने येतात. हे आधी सांगून ठेवले तर त्या क्षणी दोन्हीकडच्यांना ऐकू येते.

तिकडच्यांची परतभेट नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच ठेवावी. आणि पुढच्या मेमध्ये जायचे असेल तर सप्टेंबरात नावे वाचून दाखवावीत, डिसेंबरपर्यंत पासपोर्ट हातात असावेत, जानेवारीत निमंत्रण आणि सेशनच्या ठरावाची प्रत यावी, सरकारी नोकरांनी त्याच आठवड्यात खात्याकडे मंजुरी मागावी, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर अर्ज भरायला बसावे.

आपले विश्वासू,
भागीदार मंडळ्यांच्या भेटींची तयारी करून देणारे काही स्वयंसेवक, नागपूर